दगड, चिंचेची मुट्टी आणि पंचारी

त्रिशूरच्या सोन्याच्या बाजारात फिरलात तर एखाद्या बोळात मराठी हमखास कानावर येईल. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची माणसं कित्येक वर्षांपासून केरळात गलाईचा धंदा करतात. कारागिराकडचं जुनं सोनं आणायचं, वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातली चांदी आणि तांबं वेगळं काढायचं आणि चोख सोनं परत द्यायचं. आमचं दुकान आण्णांनी असंच उभं केलं. माझी शाळा विट्याला झाली आणि मग मी इथं आलो. मल्याळम धंद्यापायी आलं. पण हे गाव माझं झालं ते चेंड्यामुळं. चेंडा म्हणजे केरळचा काठ्यांनी वाजवायचा ढोल. तो मी कसा शिकलो, हे इथं लिहितोय. आपल्याकडं चेंडा पाहिलेले लोक बरेच आहेत, पण तो शिकतात कसा हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मुंबई-पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत केरळची पथकं येतात. नाचत, झुलत, एकमेकांकडं वळत वाजवतात. ते शिंगारी मेळम (मेळम म्हणजे ताफ्यानं मिळून केलेलं वादन). ते अलीकडच्या काळातलं, मिरवणुकीसाठी घडलेलं. उलट दिशेनंही देवघेव आहे. केरळात लग्नाच्या वरातीला, निवडणुकीच्या फेरीला ‘नासिक ढोल’ या नावानं आपल्या ढोलाची पथकं बोलावतात, आणि ती वाजवणारी पोरं मल्याळीच असतात. मला ओढ लागली ती मात्र देवळातल्या मेळमाची. तिथं वाजवणारा जागचा हलत नाही. कमरेला पांढरं मुंडू, वर उघडं अंग, खांद्यावरून कचेनं, म्हणजे कापडी पट्ट्यानं, टांगलेला चेंडा आणि तीन-तीन तास चालणारा एकच ताल.

पंचारी मेळम, देवळातल्या मेळमाचाच एक प्रकार, मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते इरिंजालकुडाला, कूडलमाणिक्यम देवळाच्या उत्सवात. हे भरताचं देऊळ, रामाच्या धाकट्या भावाचं. त्रिशूर पूरम, म्हणजे त्रिशूरचा मोठा देवळाचा उत्सव, झालं की दुसऱ्या दिवसापासून इथला उत्सव सुरू होतो. हत्तींची रांग, तिच्यासमोर शंभराच्या आसपास वाजवणारे, आणि सुरुवात इतकी संथ की मी बराच वेळ मेळम अजून सुरूच व्हायचंय अशा समजुतीत उभा होतो. शेजारचे एक आजोबा मात्र डोळे मिटून हाताने ताल धरून होते. तासाभरानं सगळा जमाव हात वर उडवायला लागला आणि कुठल्या क्षणी वेग वाढला हे मला सांगता येईना. ते कळावं म्हणून मी शिकायला गेलो. ‘वाजवायला शिकायचंय’ असं म्हणून गेलो खरा, पण मनात प्रश्न होता तो ऐकण्याचाच.

आमच्या भागातल्या एका देवळाच्या ओसरीवर संध्याकाळी वर्ग भरतो. शिकवणाऱ्याला इथं आशान म्हणतात. आमचे आशान मारार घराण्यातले. देवळात वाजवण्याची सेवा पूर्वापार मारार आणि पोदुवाळ यांच्याकडं असे. आता शिकणाऱ्यांत सगळे असतात. माझ्या तुकडीत शाळकरी पोरं, एक रिक्षावाले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि कॉलेजातल्या दोन मुली. आशाननी मला माझं गाव विचारलं, हात उलटेपालटे करून मनगटं दाबून पाहिली आणि विजयादशमीला यायला सांगितलं. विद्येची सुरुवात इथं त्याच दिवशी करतात. विड्याच्या पानावर सुपारी आणि नाणं ठेवून दक्षिणा दिली, पाया पडलो, आणि त्यांनी हातात दिली ती चिंचेच्या लाकडाची जाड मुट्टी, म्हणजे सरावाची काठी. समोर काळा दगड.

चेंडा लगेच मिळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच जण इथंच गळतात. पहिला सगळा अभ्यास दगडावर होतो. जमिनीवर बसायचं, दगड समोर, आणि त्यावर मारत राहायचं. चिंचेचं लाकूड घट्ट आणि वजनदार. चेंड्याची काठी, जिला कोल म्हणतात, तिच्यापेक्षा मुट्टी कितीतरी जड. दगड काही उसळी देत नाही. कातड्यावर काठी आपटली की कातडं तिला परत वर फेकतं, वादकाचं अर्धं काम तेच करतं. दगडावर मात्र प्रत्येक वेळी काठी स्वतःच्या मनगटानं उचलावी लागते. म्हणून दगड. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की दगडावरचा आवाजही एकसारखा यायला लागला की आशान न बघताच मान डोलावतात. आमच्याकडं पाठ फिरवून बसलेले असले तरी कुणाची मुट्टी तिरकी पडली हे त्यांना ऐकूनच कळतं.

पहिला पाठ गणपतिक्कै, म्हणजे गणपतीला वाहिलेला हात. त्यानंतर तक्किट्ट, मग तरिकिट. आधी तोंडानं म्हणायचं, याला वायत्तारी म्हणतात. तोंडात बसलं की मग हातात. प्रत्येक पाठ तीन वेगांत वाजवायचा, पहिला अगदी संथ, त्याची दुप्पट, त्याची चौपट. आणि उलट क्रमानं परतही यायचं. वेग चढवायला सगळ्यांना आवडतं. उतरताना मात्र हात पुढं पळतो. आशान चढताना कधी बोलत नसत. उतरताना एक-एकाजवळ येऊन बसत.

मेळमात पुढच्या रांगेत वाजवणाऱ्यांच्या चेंड्याला उरुट्टु चेंडा म्हणतात. त्यात मनगटाचा एक वळसा असतो. काठी वर जाताना मनगट बाहेर फिरतं, खाली येताना आत, आणि त्यातून ठोके सुटे न पडता एकमेकांत घरंगळत येतात. हा वळसा दगडावर बसायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गावाकडं लहानपणी हलगी वाजवलेली, गजी ढोलाच्या मागं पळालेलो. त्या हातात ठोक्याची ताकद खांद्यातून येते. इथं खांदा गप्प आणि कोपर अंगालगत. आशान माझ्या काखेत एक घडी घातलेला रुमाल ठेवायचे आणि तो पडता कामा नये असं सांगायचे.

कर्किडकम महिना, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, इथं साधकाचा समजतात. साधक म्हणजे रियाज. पावसामुळं उत्सव नसतात, वाजवणारे घरी असतात. औषधी पेज प्यायची, अंगाला तेल चोळायचं आणि पहाटेच्या अंधारात मुट्टी घेऊन बसायचं. चेरुतुरुत्तीच्या केरळ कलामंडलमातही पहाटेच्या साधकाची शिस्त आहे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी मुकुंद राजांच्या साथीनं १९३० साली ही संस्था सुरू केली, त्या वेळी या कलांचे आश्रयदाते संपत चालले होते. आमचा वर्ग लहान, पण त्या महिन्यात आम्हीही पहाटे चारला ओसरीवर असायचो. दुकानात सातला भट्टी पेटवायची, त्याआधी दोन तास दगड. बाहेर पावसाची धार, आत दहा-बारा दगडांचा एकच ठोका. त्या महिन्यात माझं मनगट सुटलं. पोरांचं माझ्या आधी सुटलं होतं.

आता पंचारीचा हिशोब, कारण सगळी गंमत त्यात आहे. पंचारीचे पाच काळ. पहिल्याला पतिकालम म्हणतात. त्यात एका आवर्तनाच्या ९६ मात्रा. दुसऱ्या काळात ४८, तिसऱ्यात २४, चौथ्यात १२ आणि पाचव्यात ६. म्हणजे प्रत्येक काळात आवर्तन निम्मं होतं. प्रत्येक काळाच्या आतही सुरुवात सावकाश, मग वेग हळूहळू चढत शिखराला जातो, कलाशम, म्हणजे समारोपाचा तुकडा, वाजतं आणि तिथून पुढचा काळ निम्म्या लांबीनं पण पुन्हा शांतपणे सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटतं वेग सतत वाढतोय. खरं तर तो पाच वेळा चढतो आणि चार वेळा श्वास घेतो. कूडलमाणिक्यमला मला जे सांगता आलं नव्हतं ते हेच होतं.

९६ मात्रा मोजायच्या कशा? बोटांवर मोजायला आशाननी सक्त मनाई केली. मुट्ट्या बाजूला ठेवायला लावल्या. ते वायत्तारी म्हणणार आणि आम्ही फक्त हाताने ताल द्यायचा, पतिकालमाच्या पहिल्या ठोक्यापासून पाचव्या काळाच्या शेवटापर्यंत. संपूर्ण वर्ग याच कामात कित्येक संध्याकाळी बसला. रिक्षावाले दिवसभर गाडी चालवून आलेले, त्यांना डुलकी यायची, पण हात चुकायचा नाही. मला जाग असून हात चुकायचा, कारण मी मोजत होतो. मोजणारा माणूस मागच्या आकड्याला धरून असतो. न मोजता आवर्तनाची लांबी अंगात धरायची, आणि ते संपायच्या आधी संपणार आहे हे जाणवायला हवं. तेजाबात टाकलेलं सोनं घाई केली म्हणून लवकर चोख होत नाही, भांड्याजवळ उभं राहून वाफेचा रंग पाहत थांबावं लागतं. पतिकालमही तसंच थांबायला लावतं. ते थांबणं मला धंद्यातून माहीत होतं म्हणून असेल, एकदा ते सापडल्यावर पुन्हा सुटलं नाही.

त्यानंतर आशाननी मला चेंड्याऐवजी इलत्ताळम दिलं. कांशाचे जाड, वजनदार झांज. जवळच्या देवळांतल्या छोट्या मेळमांत मागच्या रांगेत उभा केला. पुष्कळांना हे कमीपणाचं वाटतं, पण मी सगळ्यांना सांगेन की ही रांग चुकवू नका. मेळमाची मांडणी अशी असते: पुढच्या रांगेत उरुट्टु चेंडे, मधोमध प्रमाणी, म्हणजे सगळं चालवणारा मुख्य वादक. त्यांच्यासमोर तोंड करून कुळलवाले, आपल्या सनईच्या जातीचं हे छोटं वाद्य. कुळलच्या मागं कोंब, अर्धगोल वळलेली पितळी-कांशाची शिंगं. चेंड्यांच्या मागं वीक्कन चेंडे आणि इलत्ताळम. मागच्या या दोन रांगा ताल धरून ठेवतात, आणि त्या हलल्या तर पुढचा कितीही मोठा वादक असो, मेळम कोसळतं. श्रोत्याला चमक पुढची दिसते. वजन मागं असतं. मागं उभं राहून मला प्रमाणीच्या खांद्याची भाषा वाचता यायला लागली: खांदा जरा वर गेला की कलाशम जवळ आलं, त्यानं कुळलवाल्याकडं पाहिलं की वेग एक पायरी चढणार.

याच काळात कान इतरत्र जायला लागला. कथकळीतला चेंडा ऐकला. वाद्य तेच, काम अगदी वेगळं. तिथं तो नटाच्या हाताच्या, बुबुळाच्या हालचालीवर वाजतो, राक्षस रागावला की गडगडतो, आणि स्त्रीपात्र आलं की बहुतेक वेळा बाजूला होऊन इडक्क्याला जागा देतो. इडक्का खांद्याला लावायचा, डमरूच्या आकाराचा, दोऱ्या दाबून त्यातून सूर काढतात. त्याला ६४ रंगीत गोंडे असतात, चौसष्ट कलांचे. देवळाच्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी उभं राहून गातात त्या सोपान संगीताला साथ त्याचीच. पंचवाद्यमात तर चेंडा नसतोच: तिमिला, मद्दळम, इडक्का, इलत्ताळम आणि कोंब. तायंबका मला विशेष आवडते, एक मुख्य वादक आणि त्याच्या कल्पनेची संध्याकाळ. मट्टन्नूर शंकरन्कुट्टी मारार यांची तायंबका समोर बसून ऐकली तेव्हा एकटा माणूस पतिकालमापासून इरिकिट या शेवटच्या जलद टप्प्यापर्यंत वेळ कसा बांधत नेतो ते पाहायला मिळालं. पण माझं मन रांगेत उभं राहण्याकडंच ओढलं गेलं. शंभरांत एक होऊन वाजवण्याचं सुख मला एकट्याच्या वादनापेक्षा मोठं वाटतं, आणि आजही तसंच वाटतं.

चेंडा घ्यायला आशान आम्हाला पालक्काड जिल्ह्यातल्या पेरुवेंबला घेऊन गेले. चामड्याची वाद्यं घडवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. अंगणात कातडी ताणून वाळत घातलेली, पडवीत फणसाच्या लाकडाची पोकळ खोडं ओळीनं उभी. चेंड्याचं अंग फणसाचंच हवं. उंची सुमारे दोन फूट, व्यास फूटभर. दोन तोंडांपैकी इडंतला म्हणजे डावं तोंड, पातळ कातड्याचं, ज्यावर मेळमाचं वादन चालतं. वलंतला म्हणजे उजवं, कातड्याचे पाच किंवा सात थर एकमेकांवर चिकटवलेलं, त्याचा आवाज खोल. जुने लोक डाव्याला असुरवाद्य आणि उजव्याला देववाद्य म्हणतात. देवपूजेच्या विधींत वलंतला वाजते. कारागिरानं आमच्यासमोर एका चेंड्याच्या दोऱ्या ताणल्या, बोटानं टिचकी मारली, पुन्हा ताणल्या. कातडं कुठं किती घासायचं हे त्याचं बोट ठरवत होतं. सगळीकडं यंत्रं आलेली असताना हे काम अजून बोटांवर चालतं, आणि ती बोटं टिकली तरच मेळम टिकेल. वाद्याचा भाव करताना आशान गप्प होते. मीही केला नाही.

दहा-बारा किलोचा चेंडा गळ्यात घालून पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बसून शिकलेलं पुन्हा उभ्यानं शिकावं लागलं. कच खांद्यात रुतते, गुडघे ताठ होतात. पण पहिली काठी कातड्यावर पडली आणि ती आपोआप वर उडाली! दगडावर इतके महिने जे स्वतः उचललं ते आता वाद्य उचलून देत होतं. पूर्ण तुकडी हसायला लागली, कारण सगळ्यांना तोच अनुभव एकाच वेळी आला.

त्याच वर्षी त्रिशूर पूरमला इलंजित्तरा मेळम ऐकलं. मेडम महिन्यातलं, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन. वडक्कुन्नाथन देवळाच्या आवारात इलंजीच्या, म्हणजे बकुळीच्या झाडाखाली पारमेक्काव देवीच्या बाजूचे अडीचशेच्या आसपास वादक. तिथं वाजतं ते पांडी मेळम, पंचारीसारखाच मेळमाचा दुसरा प्रकार. एरवी पांडी देवळाच्या भिंतीबाहेर आणि पंचारी आत अशी रीत, हे ठिकाण त्याला अपवाद. पेरुवनम कुट्टन मारार यांनी वीसहून अधिक वर्षं या मेळमाचं प्रमाणीपद सांभाळलं. २०२३ पासून ते किळक्कूट अनियन मारार यांच्याकडं आलं. आण्णांना सोबत नेलं होतं. ते त्रिशूरमध्ये तीस-पस्तीस वर्षं राहून पूरमच्या दिवशी दुकानाच्या गच्चीतून फक्त दारूकाम पाहत आले. गर्दीत शिरून मेळम कधी ऐकलं नव्हतं. पहिला अर्धा तास ते घाम पुसत होते. मग शेजारच्या अनोळखी माणसानं त्यांचा हात धरून वर नेला, तालावर कुठं उडवायचा ते दाखवलं. मेळम संपेपर्यंत आण्णांचा हात खाली आला नाही. घरी येताना म्हणाले, “आपल्या गजीत पण शेवटाला असंच अंगात येतंय, पण ही माणसं त्याला किती वेळ दाबून धरत्यात!” मेळमाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

अरंगेट्रम, म्हणजे लोकांसमोरचं पहिलं वादन, ज्या ओसरीवर शिकलो त्याच देवळात ठरलं. आधी नातेवाईकांना कळवायचं, मुंडू आणायचं, आणि रोज संध्याकाळी पूर्ण पंचारी उभ्यानं वाजवायची. त्या दिवशी समईसमोर रांगेनं उभे राहिलो. प्रत्येकानं पान-सुपारी-दक्षिणा दिली, आशाननी प्रत्येकाच्या हातात कोल ठेवला. आमच्या तुकडीला आधार म्हणून मागं अनुभवी वीक्कन आणि इलत्ताळम वादक होते, बाहेरून कोंब-कुळलवाले बोलावले होते. प्रमाणी आशान स्वतः. माझी जागा उजव्या टोकाला, रिक्षावाल्यांच्या शेजारी. आई, माझी बायको आणि आटपाडीहून आलेला चुलतभाऊ हत्तीच्या सावलीत उभे.

पतिकालमात एक क्षण असा असतो की सगळे थांबल्यासारखे वाटतात आणि फक्त ताल चालू असतो. तिथं नवशिक्याचा हात शिवशिवतो. शेजारून रिक्षावाले मल्याळममध्ये पुटपुटले, “मोने (बाळा), थांब.” मी थांबलोच होतो, पण ते स्वतःलाही सांगत होते. तिसऱ्या काळापर्यंत खांद्याचं दुखणं जाणवत होतं, नंतर जाणवलं नाही. पाचव्या काळात सहा-सहा मात्रांची आवर्तनं एकामागून एक कोसळायला लागली तेव्हा समोरच्या कुळलवाल्याचे फुगलेले गाल आणि आशानचा खांदा, याखेरीज मी काही पाहिलं नाही. शेवटच्या कलाशमला सगळ्या काठ्या एकत्र थांबल्या. आशाननी कुणाचं कौतुक केलं नाही. दुसऱ्या दिवशी किती वाजता यायचं तेवढं सांगितलं, कारण शेजारच्या देवळात माणसं कमी पडत होती आणि आम्ही आता रांगेत उभं राहण्याजोगे झालो होतो.

सध्या पांडी शिकतोय. सात मात्रांचा ताल, मिजास निराळी, आणि दगड पुन्हा समोर आहे.

विट्याहून, सांगलीहून लोक विचारतात की आम्हाला हे ऐकायचं असेल तर कधी यावं. मेळमाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. पूरमची गर्दी झेपणार नसेल तर वृश्चिक महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, कोचीजवळच्या तृप्पूणित्तुराच्या पूर्णत्रयीश देवळाच्या उत्सवाला या. तिथं पंचारी निवांत ऐकायला मिळते. वेळेवर पोचा आणि पतिकालम सोडू नका. ते ऐकलं नाही तर पाचव्या काळाला नुसता गोंगाटच कानावर पडेल. उभं राहायचं कुठं, तर हत्तींजवळ नको. कोंबवाल्यांच्या मागं, चेंड्यांच्या रांगेकडं तोंड करून उभे राहा. तिथून प्रमाणी समोर दिसतो. शेजारच्याचा हात वर गेला की तुमचाही नेऊन बघा, कुणी परकं मानत नाही.